पाच नंबरचा लोखंडी रंधा: फणसावर आणि पावसाळ्यात

स्टॅन्ली या अमेरिकन हत्यार कंपनीच्या जुन्या क्रमवारीतला ५ नंबर म्हणजे साधारण १४ इंच लांब, २ इंच पात्याचा रंधा. घरच्या घरी फर्निचर करणाऱ्याने एकच लोखंडी रंधा घ्यायचा तर हाच घ्यावा.

स्वस्त नकलांमध्ये मात्र तळ सपाट नसतो. विकत घेताना तळावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. तोंडापुढे (पाते बाहेर येते त्या खाचेपुढे) फट दिसली तर बारीक सोल, म्हणजे लाकडाची पातळ साल, निघणारच नाही. थोडा दोष असेल तर जाड काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तळ घासता येतो. त्या वेळी पाते आत ओढून पण घट्ट आवळलेलेच ठेवा, कारण आवळल्यावर सांगाडा किंचित वाकतो.

नव्या पात्याची धार कामाची नसते. आधी पात्याची पाठ, म्हणजे उतार नसलेली बाजू, सपाट करा, मग २५ अंशांचा उतार आणि टोकाला ३० अंशांची बारीक धार.

खरी परीक्षा फणसाच्या लाकडाची. त्याचे रेषे उलटसुलट, त्यामुळे लाकूड उचकटते. पात्यावरची टोपी (पात्याला स्क्रूने आवळलेली दुसरी लोखंडी पट्टी) धारेपासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही जवळ आणली की हे बरेच थांबते. टोपी पात्यावर नीट टेकत नसेल तर भुसा तिथेच अडकतो. तिची कड घासून घ्या.

कोकणच्या दमट हवेत लोखंड लवकर गंजते. जून ते सप्टेंबर दर वापरानंतर सोलपे झटकून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. भुशात पडलेला रंधा सगळ्यात आधी गंजतो, भुसा ओल धरतो.

सागावर तर हा रंधा लोण्यासारखा चालतो.