मूळ पेटीतील फिल्टर की उघडा शंकूफिल्टर?

इंजिनाकडे जाणारी हवा अधिक मोकळी वाहावी आणि तिचा आवाजही भरदार यावा, यासाठी दोन मार्ग आहेत: मूळ एअरबॉक्स (फिल्टर ठेवलेली बंद पेटी) तसाच ठेवून त्यात कमी अडथळ्याचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर बसवणे, किंवा एअरबॉक्स काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावणे.

आवाजात शंकूफिल्टर निर्विवाद सरस ठरतो, कारण कंपन्या मूळ नळीला जोडलेल्या रेझोनेटर कक्षांनी जो घोष मुद्दाम दाबतात, तो या बदलात मोकळा होतो. ताकदीचे गणित मात्र तापमानावर अवलंबून असते. हवा दर १० अंश सेल्सिअसने तापली की तिची घनता, आणि तिच्याबरोबर प्राणवायू, सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. त्यामुळे बॉनेटखालची गरम हवा ओढणारा शंकूफिल्टर अडथळा कमी करूनही ताकद गमावू शकतो. उष्णतारोधक पडदा आणि बाहेरून थंड हवा आणणारी नळी नसेल, तर हा खर्च मला केवळ आवाजाचा वाटतो. ती नळी बंपरमध्ये फार खाली नेल्यास साचलेले पाणी सिलिंडरमध्ये शिरून कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकण्याचा धोका असतो.

पेटीतील फिल्टरचा लाभ माफक असतो, पण थंड हवेची मूळ वाट शाबूत राहते. तेल लावायचा प्रकार असल्यास ते बेताचेच लावावे, अन्यथा हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या सेन्सरवर थर बसून मोजमाप चुकते. रोजच्या गाडीसाठी मी हाच पर्याय निवडेन.