टेनोरिओ आता कोच झालाय: अरानेटात मॅग्नोलियाची मॅच बघायची तर कुठलं तिकीट काढायचं

मनिलात नवीन आलेले आपले लोक विचारतात की इथे बघण्यासारखं काय आहे, आणि सगळे इंट्रामुरोस, तागाइताय, बोराकाय सांगून मोकळे होतात. ते सगळं बघाच, पण एक संध्याकाळ कुबाओच्या स्मार्ट अरानेटा कोलिझियमसाठी राखून ठेवा आणि पीबीएची, म्हणजे इथल्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगची, मॅच बघा. त्यातही जमलं तर मॅग्नोलिया हॉटशॉट्सची, कारण जुलै 2025 पासून त्यांचा हेड कोच एलए टेनोरिओ आहे, आणि माझ्या मते सध्या या लीगमधे बघण्यासारखी सगळ्यात भारी गोष्ट कोर्टवर नाही तर कोर्टच्या कडेला उभी असते. बहुतेक लोक तिकीट काढताना हा विचारच करत नाहीत म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

ज्यांना पीबीए माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. 1975 मधे सुरू झालेली ही लीग, आशियातली पहिली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग, आणि जगात एनबीएच्या खालोखाल जुनी. टीम शहरांच्या नसतात, कंपन्यांच्या असतात, म्हणजे मुंबईच्या कबड्डीत भारत पेट्रोलियम, महिंद्रा, एअर इंडिया असायच्या ना अगदी तसंच. बारांगाय गिनेब्रा, सान मिगेल बिअरमेन आणि मॅग्नोलिया या तिन्ही एकाच सान मिगेल कॉर्पोरेशनच्या, तरी एकमेकांशी जीव तोडून भांडतात. आणि इथे बास्केटबॉल म्हणजे गल्लोगल्ली, प्रत्येक बारांगायमधे, म्हणजे वस्तीत, एक कोर्ट, चपला घालून खेळणारी पोरं, त्यामुळे मॅचला शेजारी बसलेल्या काकूंनाही झोन डिफेन्स कळतो.

आता टेनोरिओ. नासुग्बू, बतांगासचा, 1984 चा जन्म, उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे आपल्या कॉलेजच्या टीममधेही कोणी त्याला उंच म्हणणार नाही. अटेनिओ युनिव्हर्सिटीमधून आला, 2006 च्या ड्राफ्टमधे, म्हणजे नव्या प्लेयर्सच्या निवडीत, सान मिगेलने चौथ्या नंबरवर घेतला, 2008 ला अलास्का या टीममधे गेला, 2012 ला गिनेब्रात, आणि पुढची सगळी वर्षं गिनेब्राचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा, तो टेनोरिओच हे समीकरण होऊन गेलं. पहिल्या मॅचपासून सलग 744 मॅचेस खेळला, एकही न चुकवता! 2020 मधे कोविडच्या वेळी क्लार्कला बबलमधे, म्हणजे सगळ्यांना एकाच जागी बंद ठेवून, लीग झाली, त्याच्या थोडंच आधी याच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, तरी गेला, खेळला, गिनेब्रा जिंकली आणि फायनल्सचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम प्लेयर, हाच. मग मार्च 2023 मधे त्याने स्वतः जाहीर केलं की स्टेज 3 चा कोलन कॅन्सर आहे. ऑपरेशन, केमोथेरपी, सगळं झालं आणि हा माणूस परत कोर्टवर आला. इथल्या लोकांना त्याच्याबद्दल जे वाटतं ते नुसत्या पॉइंट्समुळे नाही, हे मॅचला गेलात की पाच मिनिटांत कळतं.

खेळत असतानाच त्याचं कोचिंग सुरू झालं होतं. गिनेब्राचे कोच टिम कोन यांच्या हाताखाली गिलासच्या, म्हणजे नॅशनल टीमच्या स्टाफमधे होता, 2025 मधे सोळा वर्षांखालच्या गिलासचा हेड कोच झाला, आणि त्याच वर्षी मॅग्नोलियाने चिटो व्हिक्टोलेरोंच्या जागी त्याला आणलं. मॅग्नोलियाचं शेवटचं टायटल 2018 च्या गव्हर्नर्स कपचं, तेव्हा कोच व्हिक्टोलेरोच होते, त्यानंतर दुष्काळ. म्हणजे सोपी खुर्ची मिळालेली नाही.

आणि आता गंमत बघा. मॅग्नोलिया ही टीम कोण तर गिनेब्राची कट्टर शत्रू. पूर्वीची प्युअरफूड्स, तीच ही. गिनेब्रा विरुद्ध ही टीम म्हणजे मनिला क्लासिको, जी पुष्कळदा ऐन ख्रिसमसला ठेवतात आणि हॉल फुटतो. टेनोरिओ वर्षानुवर्षं या टीमच्या विरुद्ध खेळला. मॅग्नोलियाचा टीम मॅनेजर अल्विन पॅट्रिमोनिओ, सलग मॅचेसचा जुना 596 चा रेकॉर्ड त्याचा, तो मोडला टेनोरिओने. टीममधला सीनियर गार्ड मार्क बारोका, 1986 चा, कोचपेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान, आणि क्लासिकोत इतकी वर्षं टेनोरिओला मार्क करणाऱ्यांत हाच पुढे असायचा. त्यात 2014 मधे याच टीमने सान मिग सुपर कॉफी या नावाने ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे एका सीझनच्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या, तेव्हा कोच टिम कोन होते आणि बारोका त्या टीममधे होता. म्हणजे दोघंही एकाच गुरूकडे शिकलेले, आणि तो गुरू आता समोरच्या बेंचवर गिनेब्राचा कोच. अशी गुंतागुंत डोक्यात असली की साधी लीग मॅचसुद्धा वेगळी दिसते, म्हणून तिकिटाच्या आधी एवढा इतिहास सांगितला.

आता मुद्द्याचं, सीट. पेट्रन, लोअर बॉक्स, अपर बॉक्स, जनरल अॅडमिशन असे प्रकार असतात. जनरल अॅडमिशन स्वस्त, तिथे आवाज सगळ्यात जास्त, ढोल, घोषणा, पहिल्यांदा जाणाऱ्याला मजा येते, पण कोच मुंगीएवढा दिसतो. पेट्रन म्हणजे कोर्टला लागून, महाग, आणि बेंचच्या मागे मिळालं तर पाठीच दिसतात. माझी शिफारस लोअर बॉक्स, बेंचच्या बरोबर समोरची बाजू, साधारण हाफ कोर्टच्या रेषेत. तिथून कोचचा चेहरा दिसतो आणि त्याच नजरेत पॉइंट गार्डही दिसतो, दोघांमधे काय चाललंय ते कळतं. एवढ्यासाठी जास्तीचे पेसो घालायला मी तयार आहे आणि तुम्हीही घाला.

कारण टेनोरिओ उभा कसा राहतो ते बघा. बॉल डावीकडे गेला की हाही डावीकडे सरकतो, कोचिंग बॉक्सची रेघ येईपर्यंत, गुडघे थोडे वाकलेले, म्हणजे अजून डिफेन्सच खेळतोय. मी बघत होतो त्या मॅचमधे समोरच्या टीमचे फ्री थ्रो चालू होते, सगळे बास्केटकडे बघतायत, आणि याने आपल्या गार्डला कडेला बोलावलं, तोंडावर हात धरून दोन वाक्यं, दोन बोटं दाखवली आणि परत पाठवलं. पुढच्याच पझेशनला मोठा प्लेयर वर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत उभा राहतो, डिफेन्स तिकडे ओढला जातो आणि कॉर्नरला शूटर मोकळा. शॉट पडला. टेनोरिओने टाळीपण वाजवली नाही, लगेच डिफेन्सला परत फिरा म्हणून हातवारे. हे टीव्हीवर कधीच दिसणार नाही कारण कॅमेरा तेव्हा फ्री थ्रोवर असतो.

टीव्हीची बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. पीबीएच्या ब्रॉडकास्टमधे टाइमआउटला माइक थेट हडलमधे, म्हणजे कोचभोवतीच्या घोळक्यात, नेतात, कोच काय बोलतोय ते घरी बसून ऐकू येतं, बोलणं टागालोग आणि इंग्लिश मिसळून, त्यामुळे आपल्याला निम्म्याच्या वर समजतं. हॉलमधे यातलं काही ऐकू येत नाही कारण टाइमआउट झाला की म्युझिक, डान्सर्स, टीशर्ट फेकणं आणि अॅनाउन्सरचा आवाज छातीत बसतो. लहान मूल बरोबर असेल तर कानाला काहीतरी घेऊन जा, खरंच सांगतोय. मी दोन्ही करतो, म्हणजे हॉलमधे बघून आलो की त्याच मॅचचे टाइमआउट घरी परत बघतो.

दुसरी टिप, थोडी उलटी वाटेल. टेनोरिओला कोच म्हणून बघायचं असेल तर गिनेब्राशी नसलेली, आठवड्याच्या मधल्या दिवसाची मॅच निवडा. गिनेब्रा नसली की गर्दी कमी असते हे इथे सगळ्यांना माहीत आहे, लीगसाठी ते वाईट आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं, पन्नास वर्षं जुन्या लीगला रिकाम्या खुर्च्या शोभत नाहीत. पण आपल्याला त्यात फायदा असा की खेळ चालू असताना कोर्टवरचा आवाज वरपर्यंत येतो, बुटांचा, प्लेयर्सचा, आणि कोचचाही. डबलहेडर, म्हणजे लागोपाठ दोन मॅचेस, असेल तर पहिली संध्याकाळी पाचच्या सुमाराला आणि दुसरी साडेसातला, तिकीट दोन्हीला एकच, म्हणजे पैसे वसूल.

फिलिपिन्समधे प्लेयरने कोच होणं नवीन नाही. रॉबर्ट जावोर्स्की 1985 पासून गिनेब्राचा खेळणारा कोच होता आणि 1998 ला थेट सिनेटर झाला. जिमी अलापाग तर माझा फार आवडता, तोही छोट्या चणीचा पॉइंट गार्ड, 2013 ला मनिलात आशियाई स्पर्धेत कोरियाविरुद्धच्या सेमीफायनलला शेवटी शेवटी ज्याने थ्री मारले तोच. त्याने 2018 मधे अलाब पिलिपिनास या टीमला एबीएल, म्हणजे आसियान बास्केटबॉल लीग, जिंकून दिली, मग सगळं सोडून अमेरिकेत गेला, स्टॉकटनला खालच्या लीगमधे असिस्टंट म्हणून सुरुवात केली आणि 2023 मधे सॅक्रामेंटो किंग्सच्या स्टाफवर पोचला. अलापागने लांबचा रस्ता धरला, एकेक पायरी. टेनोरिओला घरातच, आणि तेही शत्रूच्या घरात, एकदम मोठी टीम मिळाली. मला विचाराल तर टेनोरिओचं जास्त अवघड आहे, कारण कालपर्यंत ज्यांच्याशी कोपराने कोपर लावून खेळलास त्यांनाच आज बेंचवर बस म्हणून सांगायचं, आणि समोर वीस हजार डोळे बघत असतात. पण ज्या प्लेयरने इतकी वर्षं कोन यांची सिस्टीम कोर्टवर चालवली त्याला हे जमेल असं मला मनापासून वाटतं, फक्त एकदोन कॉन्फरन्समधे, म्हणजे सीझनमधल्या एकदोन स्पर्धांत, निकाल लावू नका, वेळ द्या त्याला.

बाकी सोय. एमआरटी 3 आणि एलआरटी 2 या दोन्ही मेट्रो कुबाओला थांबतात, तिथून मॉलमधून चालतच पोचता येतं. ग्रॅब किंवा स्वतःची गाडी नको, एड्सा हायवेवर संध्याकाळी काय होतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आत एसी कडक, जॅकेट घ्या. खाण्यात हॉटडॉग, चिकन, पॉपकॉर्न असलाच प्रकार, व्हेजवाल्यांनी बाहेरूनच पोट भरून जावं. हॉल जुना, 1960 चा, पण नीट ठेवलाय, आणि 1975 मधे अली आणि फ्रेझरची ती प्रसिद्ध बॉक्सिंग फाइट इथेच झाली, शेजारच्या अली मॉलचं नाव त्याच्यावरूनच. दवाओला मेडिकलला असलेल्या आपल्या पोरांनी मनिलाची ट्रिप काढली तर शेड्यूल बघून एक दिवस इकडे लावा, आणि पीबीए अधूनमधून मनिलाबाहेरही मॅचेस ठेवते, त्यावरही लक्ष ठेवा.

रेटिंग द्यायचं तर लोअर बॉक्सला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो टाइमआउटच्या गोंगाटासाठी. अपर बॉक्सला साडेतीन. जनरल अॅडमिशन फक्त क्लासिकोला, कारण त्या दिवशी तसाही कोणी खाली बसत नाही, आणि त्याचं तिकीट मात्र शेड्यूल आल्या आल्या काढा, आदल्या दिवशी मिळेल या भरवशावर राहू नका.