जिरिकी की तारिकी?

जपानी बौद्ध धर्मातले हे दोन शब्द जोडीनेच येतात. दोन्हींतला ‘रिकी’ म्हणजे बळ. ‘जि’ म्हणजे स्वतःचं, ‘ता’ म्हणजे दुसऱ्याचं.

जिरिकीचं उदाहरण म्हणून झेनकडे बोट दाखवतात: तासन्‌तास ध्यानाला बसायचं, आपल्या साधनेने बोधापर्यंत पोचायचं. गंमत अशी, की हे वर्गीकरण मुळात सुखावती पंथाच्या, म्हणजे बुद्धाच्या कृपेने ‘सुखावती’ या शुद्ध भूमीत जन्म मिळतो असं मानणाऱ्यांच्या, चष्म्यातून केलेलं आहे. ‘नुसतं बसणं’ शिकवणारे झेन गुरू दोगेन (१२००–१२५३) बसण्यालाच बोध मानत. त्यांना हे लेबल मला जरा तोकडंच वाटतं.

तारिकीतला ‘दुसरा’ मात्र कोणीही ऐरागैरा नव्हे, तो अमिदा बुद्ध, म्हणजे आपला संस्कृत अमिताभ. ‘नामु अमिदा बुत्सु’ म्हणा, असं सुखावती पंथाचे आचार्य होनेन सांगत. त्यांचे शिष्य शिनरान (११७३–१२६३) आणखी पुढे गेले. नाम घेण्याची श्रद्धासुद्धा अमिदाच देतो, नामजप ही पुण्याची कमाई नव्हे, फक्त कृतज्ञता, असं त्यांचं म्हणणं. त्यातला ‘नामु’ म्हणजे ‘नमो’, ‘नाम’ नव्हे. मराठी कान इथे हमखास फसतो.

आपल्याकडच्या दृष्टान्तात सांगायचं तर माकडीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीच्या पिल्लाला आईच उचलून नेते.

‘होंगान’ म्हणजे सगळ्यांना तारण्याचा अमिदाचा मूळ संकल्प. पण आजच्या जपानी बोलीत ‘तारिकी होंगान’ म्हणजे स्वतः काही न करता दुसऱ्याच्या जिवावर राहणं. शिनरानच्या अनुयायांना हा अर्थ साहजिकच खटकतो.