आय९१५ पर्फ: जीपीयूच्या आतले काउंटर स्वतः जोडून पाहिले

राजगडाचा त्रिमितीय नकाशा मी वर्षभर लिहितोय. शाळेतल्या साध्या लॅपटॉपवर तो सुरळीत फिरलाच पाहिजे, म्हणून चाचणीसाठी मुद्दाम इंटेलच्या केबी लेक चिपचा जुना लॅपटॉप ठेवलाय. बालेकिल्ल्यावरून कॅमेरा संजीवनी माचीकडे वळवला की एका फ्रेमला, म्हणजे एक चित्र काढायला, २५ मिलिसेकंद लागायचे. हवे होते १६.६ च्या आत. जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप, किती वापरात आहे ते दाखवणारं इंटेल जीपीयू टॉप हे साधन सांगायचं, चित्र काढणारं रेंडर इंजिन १०० टक्के बिझी. ते मलाही दिसत होतं. बिझी कशात आहे, हे कळायला लिनक्समध्ये इंटेलचं ग्राफिक्स चालवणाऱ्या आय९१५ ड्रायव्हरमधल्या पर्फ (कामगिरी मोजायच्या) इंटरफेसकडे वळलो. तीन आठवडे रोज वापरल्यावर हे लिहितोय.

चिपमध्ये सिग्नल भरपूर, ते मोजणारे काउंटर मोजके. कुठला सिग्नल कुठल्या काउंटरपर्यंत पोचवायचा हे मक्स रजिस्टरं (निवड करणारे चिपमधले छोटे कप्पे) ठरवतात. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात जाणार हे जसं दारं ठरवतात, तसं. त्याच्या जोडीला बूलियन काउंटरची रजिस्टरं आणि एक्झिक्यूशन युनिटमधल्या (ईयू, म्हणजे गणित करणाऱ्या भागातल्या) घटनांसाठी सात फ्लेक्स रजिस्टरं. या तीन याद्या म्हणजे एक कॉन्फिग. पूर्वी हे संच कर्नलच्या सोर्समध्येच कोरलेले असायचे. २०१७ मध्ये कर्नल ४.१४ पासून ते बाहेरून चढवता येतात, आणि माझ्या मते या इंटरफेसचं खरं मोल त्यातच आहे. ॲड कॉन्फिगचा आयऑक्टल (ड्रायव्हरला द्यायची हाक) मारायचा, ३६ अक्षरांचा यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) द्यायचा, की सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाईलरूपात दाखवणाऱ्या जागेत) ग्राफिक्स कार्डाच्या मेट्रिक्स फोल्डरखाली त्या नावाची डिरेक्टरी उगवते. तिच्यातल्या आयडी फाईलमधला आकडा घेऊन स्ट्रीम (नमुन्यांचा प्रवाह) उघडायची.

याद्या हाताने लिहायची गरज नाही. आयजीटी या इंटेल ग्राफिक्सच्या चाचणी साधनांच्या सोर्समध्ये प्रत्येक चिपची एक्सएमएल फाईल आहे. आत ओळीमागून ओळ पत्ता हेक्स ९८८८, व्हॅल्यू मात्र दरवेळी वेगळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं फाईल बिघडलीय, एकाच रजिस्टरवर पुन्हा पुन्हा का लिहितायत? पण तो पत्ता म्हणजे पोस्टाची पेटी आहे. आतलं पत्र कुठे जायचं ते व्हॅल्यूतच लिहिलेलं असतं.

याच जागी माझे दोन दिवस गेले. आधी हॅसवेलची, म्हणजे इंटेलच्या आणखी जुन्या चिपची, फाईल चढवली. ड्रायव्हरने ईइनव्हॅल ('चुकीची व्हॅल्यू' अशी एरर) देऊन ती तिथल्या तिथे नाकारली, कारण तिच्यातले मक्सचे पत्ते केबी लेकच्या परवानगीच्या यादीत नाहीत. हे मला फार आवडलं. वाटेल त्या रजिस्टरवर लिहू दिलं तर मशीनच लटकेल. मग घाईत माझ्या जीटी२ ऐवजी जीटी३ ची (केबी लेकच्याच मोठ्या ग्राफिक्सची) फाईल उचलली. ती मुकाट चढली! आकडेही आले, फक्त एका सॅम्पलरचा, म्हणजे टेक्श्चर (पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र) वाचणाऱ्या भागाचा, आकडा जागचा हलेना. ड्रायव्हर पत्ता तपासतो, ९८८८ वर पाठवलेल्या व्हॅल्यूचा अर्थ तपासत नाही. फाईल आपल्याच चिपची आहे ना, हे बघणं पूर्णपणे वापरणाऱ्याकडे.

नमुने किती वेळाने घ्यायचे ते घातांकात सांगावं लागतं. माझ्या चिपवर टाइमस्टॅम्पचा एक टिक ८३.३ नॅनोसेकंदांचा. घातांक १३ दिला तर २ चा १४ वा घात इतके टिक, म्हणजे सुमारे १.३७ मिलिसेकंदांना एक रिपोर्ट आणि १६.६ मिलिसेकंदांच्या एका फ्रेममागे साधारण बारा. मधलं काही मागता येत नाही, दुप्पट किंवा निम्मं. मला पुरलं. रिपोर्ट २५६ बाइटचा. त्यातले ए गटातले बहुतेक काउंटर ४० बिटी आहेत आणि त्यांचा वरचा बाइट रिपोर्टमध्ये वेगळ्या जागी ठेवलेला असतो, तेव्हा स्वतः पार्सर लिहिणाऱ्याने तिकडे नीट बघावं.

ड्रायव्हरचा सोर्स तर आवर्जून वाचावा. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत हॅसवेलवर मक्स लिहिल्यावर १५ ते २० मिलिसेकंद थांबायचं, आणि हा अवधी प्रयोग करून काढलाय हे टिप्पणीत सरळ कबूल केलेलं होतं. अशा टिप्पणीमुळे त्या कोडवर माझा विश्वास बसतो.

अडचणी आहेत. ओए युनिट (हे काउंटर चालवणारा चिपमधला भाग) एकच, त्यामुळे एका वेळी एकच स्ट्रीम; दुसऱ्या टर्मिनलवर रेकॉर्डर चालू राहिला असेल तर ईबिझी, म्हणजे 'आधीच वापरात' अशी एरर. शिवाय पर्फ स्ट्रीम पॅरानॉइड ही कर्नलची सेटिंग मुळात १ असते, म्हणजे सगळ्या सिस्टिमचे आकडे बघायला रूट किंवा तशी खास परवानगी लागते. सामायिक मशीनवर ते तसंच राहू द्यावं.

योग्य फाईल चढवून रेंडर बेसिक संच लावला. माचीच्या दृश्यात ईयू ॲक्टिव्ह कमी, ईयू स्टॉल (खोळंबा) भरपूर, आणि दोन्ही सॅम्पलर जवळपास पूर्ण वेळ कामात. मी महिनाभर शेडरमधलं (रंग ठरवणाऱ्या प्रोग्राममधलं) गणित छाटत होतो आणि गणित करणारे तर टेक्श्चरची वाट बघत बसले होते. कड्याच्या टेक्श्चरला मिपमॅपच (दुरून बघताना वापरायच्या लहान प्रती) नव्हते. ते दिले, फ्रेम १४ मिलिसेकंदांवर आली.

नुसतं जीपीयू किती चालतंय एवढंच हवं असेल त्याला जीपीयू टॉप पुरे. पण कारण हवं असेल तर आठवडाभराचा वेळ काढून हे शिकाच. मी आता प्रत्येक रेकॉर्डिंगशेजारी यूयूआयडी आणि एक्सएमएल फाईलचं नाव लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात तोरण्याच्या झुंजार माचीचं दृश्य मोजायला घेणार आहे.