पास काढायचा की नुसतं कार्ड टॅप करायचं? आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठ महिन्यांत कामानिमित्त लंडनला तीनदा, पॅरिसला आणि न्यूयॉर्कला एकेकदा जाणं झालं. पहिल्याच फेरीत मी हौसेने मेट्रो-बसचा सात दिवसांचा पास काढला. परतताना हिशेब मांडला तर चार दिवस मी दिवसाला दोनदाच गाडीत बसलो होतो, सकाळी जायला आणि संध्याकाळी यायला. उरलेल्या दिवसांत पैसे वसूल करायचे म्हणून काम नसलेल्या स्टेशनांवरही उतरून आलो. हातात पास असला की माझ्यातला वसुली कारकून जागा होतो, हे तेव्हा लक्षात आलं.

त्यानंतर लंडनमध्ये पास नाहीच. तिथे बँकेचं कार्ड थेट गेटवर टॅप करता येतं. बसमध्ये ही सोय 2012 पासून आहे, मेट्रोत 2014 पासून. दिवसभराचं भाडं एका ठरावीक मर्यादेला पोचलं की पुढचे पैसे कापले जात नाहीत. म्हणजे कमी फिरलात तर कमी पैसे, जास्त फिरलात तर दिवसाच्या मर्यादेवर मीटर थांबतं. आधी डोकं खाजवायची गरज नाही.

पण यात एक खोच आहे, आणि ती मला पैसे मोजून कळली. सकाळी कार्ड टॅप केलं, दुपारी सवयीने फोन. दोन्हींना बँक एकच, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी. दोघांची मर्यादा वेगवेगळी मोजली गेली आणि भुर्दंड माझ्या माथी. आता प्रवासाला निघताना ठरवतो, फोन तर फोन, शेवटपर्यंत तोच. आणखी एक, मेट्रोतून उतरताना टॅप करायला विसरलात तर कमाल भाडं लागतं. बसमध्ये मात्र चढताना एकदाच टॅप.

आठवड्याचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. लंडनची आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार मोजली जाते. पॅरिसचा आठवड्याचा नाविगो, म्हणजे तिथला मेट्रो-बसचा पास, हाही सोमवारीच सुरू होतो आणि रविवारी संपतो. मी गुरुवारी उतरलो होतो. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंत मिळतो, म्हणून घेतला असता, पण वापर चारच दिवसांचा. सोमवारी उतरणाऱ्याला तोच पास सोन्यासारखा, शार्ल द गॉल विमानतळाची लोकल गाडीही त्यात येते. न्यूयॉर्कला याउलट, पहिल्या टॅपपासून सात दिवस मोजतात आणि बाराव्या फेरीनंतर पुढच्या फेऱ्या फुकट. मी बुधवारी पोचलो होतो, म्हणून हा हिशेब मला फार मानवला. केनेडी विमानतळाची एअरट्रेन मात्र त्यात धरत नाहीत, तिचे पैसे वेगळे. तिकीट काढताना विमानतळाचं स्वतंत्र विचारून घ्यायचं, हे तिन्ही शहरांत शिकलो.

मेट्रो-बसचं प्रवासी कार्ड, म्हणजे आधी पैसे भरायचं ते, मला फारसं पटलं नाही. शेवटी त्यात शिल्लक राहतेच, आणि ती परत मिळवायला विमान सुटायच्या दिवशी कोण रांगेत उभं राहणार? परदेशी व्यवहारावर बँक शुल्क लावत असेल तर मात्र ते परवडू शकतं. आपल्या बँकेला आधी विचारा.

पुढच्या महिन्यात आईबाबांना लंडनला नेतोय. तिथे एका कार्डावर दोघांना गेटमधून सोडता येत नाही, प्रत्येकाला आपलं वेगळं कार्ड लागतं. आईच्या पर्समध्ये कार्ड कुठल्या कप्प्यात असेल हे तिलाही सांगता येत नाही. तिच्यासाठी गळ्यात अडकवायचं पाकीट आधीच आणून ठेवलंय. टॅप करायला कोणत्या हाताने सांगू, एवढंच ठरवायचं बाकी आहे.