हनोईत टेंपल ऑफ लिटरेचरजवळ हॉटेल बुक केलंय? मग आमची फजिती वाचा

आई, ताई आणि मी व्हिएतनामला जाऊन आलो, ट्रिप मस्त झाली पण हनोईतली पहिली रात्र... लिहायला लाज वाटतेय, पण आपल्याकडचे खूप जण सध्या तिकडे चाललेत म्हणून लिहितेच.

आईला वान मियू बघायचंच होतं, म्हणजेच टेंपल ऑफ लिटरेचर, १०७० साली बांधलेलं कन्फ्युशियसचं मंदिर, १०७६ पासून तिथेच राजघराण्यातल्या मुलांची शाळा. आई रिटायर्ड शिक्षिका, त्यात गुडघे दुखतात, त्यामुळे हॉटेल पाच मिनिटांवरच हवं. ॲपवर 'टेंपलजवळ' म्हणून जी नावं येतात त्यातली बरीचशी ओल्ड क्वार्टरमधली निघतात, म्हणजे दोनेक किलोमीटर लांब. शेवटी ताईने मंदिराच्या मागच्या एका गल्लीतलं छोटंसं हॉटेल शोधलं, रात्रीचे ९ लाख डाँग, म्हणजे साधारण ३ हजार रुपये. पैसे तिथे गेल्यावर, कार्ड फक्त गॅरंटीला.

दा नांगहून फ्लाइट लेट, रात्री अकराला नोई बाई एअरपोर्टच्या बाहेर आलो. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक जण आला, कुठलं हॉटेल म्हणाला, आणि मी सरळ मोबाइलवरचं बुकिंग त्याच्यासमोर धरलं!! गाडी सुरू झाल्यावर म्हणे हॉटेलला कळवतो, फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे एक बाई, आवाज साखरेसारखा, सॉरी मॅडम पाइप फुटलाय रूममध्ये पाणी झालंय, तुमची सोय आमच्या दुसऱ्या ब्रँचला केलीय, सेम प्राइस. आता बघा, फोन त्याचा, नंबर त्याने लावलेला, आणि त्या बाईने आमचं नाव एकदाही घेतलं नाही, नुसतं मॅडम मॅडम. हे डोक्यात आलं दुसऱ्या दिवशी. तेव्हा मी तिला वर थँक यू म्हणाले.

'ब्रँच'च्या काचेवर आमच्याच हॉटेलचं नाव आणि पुढे २, तेही स्टिकरचं, एक कोपरा सुटलेला. रूमला खिडकी नाही, पांघरुणाला सिगरेटचा वास. सेम प्राइस कसलं, १८ लाख मागितले, कॅश, आत्ताच्या आत्ता, आणि पासपोर्ट काउंटरवर ठेवा. रात्रीचा एक वाजलेला, आई खुर्चीत पेंगतेय, भांडणार कोणाशी? दिले. ड्रायव्हरचे ८ लाख वेगळे. वर ताईने बॅगा उचलणाऱ्या पोराला २० हजारांची टिप म्हणून जी नोट दिली ती ५ लाखांची होती, दोन्ही निळ्याच, मंद दिव्यात काय कळतंय.

सकाळी पासपोर्ट ताब्यात घेतले आणि बॅगा घेऊन खऱ्या हॉटेलवर गेलो. पाइपबिइप काही नाही, रजिस्टरमध्ये आमची तिघींची नावं, रिसेप्शनवरची मुलगी दोन वाजेपर्यंत जागी होती बिचारी. आम्ही आलो नाही म्हणून एका रात्रीचे पैसे नियमाप्रमाणे कार्डवरून गेलेले. तिला काही नवल वाटलं नाही, असे पाहुणे येतात म्हणे अधूनमधून. पासपोर्टचं विचारलं तर म्हणाली पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते म्हणून मागतो, पण फोटो काढून लगेच परत देतो, आणि दिलाही. आणि तुम्हीही लक्षात ठेवा, एअरपोर्टवर कोणीही फोन लावून दिला तरी बंद करा, ॲपवरचा नंबर स्वतः लावा, आधी विचारा बुकिंग कोणाच्या नावावर आहे.

सगळं धरून १३ हजार रुपयांच्या वर गेले.

मंदिरात मात्र आई खूश. दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख, राजाच्या परीक्षेत डॉक्टरेट मिळवलेल्यांची नावं, सगळ्यात जुने १४८४ चे. आजूबाजूला डिग्रीचे गाऊन घालून फोटो काढणारी पोरं. आई एकेक कासव बघत गेली आणि शेवटाला म्हणते, "फसणाऱ्यांची परीक्षा असती ना, तर तुम्हा दोघींना एकेक कासव मिळालं असतं."

परत जाताना ८६ नंबरच्या बसने गेलो, हनोई रेल्वे स्टेशनपासून सुटते, थेट एअरपोर्ट. माणशी ४५ हजार डाँग, तिघींचे मिळून साडेचारशे रुपये.