नमपायमध्ये ॲरे फिरवताना: रीशेप, ट्रान्सपोज की सरळ कॉपी?

रंगीत फोटो पिलो या पायथॉनच्या फोटो-लायब्ररीने उघडून नमपायच्या (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात घेतला, की आकार दिसतो ४८० × ६४० × ३. आधी उंची, मग रुंदी, मग रंग. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीतल्या मॉडेलला मात्र रंग सगळ्यात पुढे लागतो, म्हणजे ३ × ४८० × ६४०. रीशेप आणि ट्रान्सपोज, दोन्ही हा आकार देतात. घोळ होतो तो इथेच.

छोट्या ॲरेवर बघा. पहिली ओळ १ २ ३, दुसरी ४ ५ ६. रीशेप करून ३ × २ केलं, तर ओळी मिळतात १ २, ३ ४, ५ ६. ट्रान्सपोज केलं, तर १ ४, २ ५, ३ ६. रीशेप आकड्यांची रांग तशीच ठेवतं, फक्त ती कुठे तोडायची ते बदलतं. ट्रान्सपोज ॲक्सिसची, म्हणजे उंची, रुंदी, रंग अशा दिशांची अदलाबदल करतं, पण कुठला आकडा कुठल्या पिक्सेलचा आणि कुठल्या रंगाचा, हे विसरत नाही.

फोटोवर चुकून रीशेप चालवलं, तर वरच्या १६० ओळी लाल चॅनेल (एका रंगाचा थर) म्हणून बसतात, मधल्या १६० हिरवा म्हणून आणि खालच्या निळा म्हणून. शिवाय प्रत्येकात तिन्ही रंगांचे आकडे आलटून पालटून. एरर मात्र काहीच नाही! मी एकदा असंच मॉडेल रात्रभर ट्रेनिंगला लावलं होतं. सकाळी बघतो तर लॉस, म्हणजे मॉडेलच्या चुकीचं माप, खाली यायचं नाव घेईना. दुपारपर्यंत लर्निंग रेटला (मॉडेल किती मोठ्या पावलांनी शिकतं त्याला) शिव्या घातल्या. शेवटी मॉडेलला जाणारा फोटोच स्क्रीनवर काढला, तर नुसत्या रेघोट्या.

तेव्हा ॲक्सिसची जागा बदलायची असेल, तर ट्रान्सपोज(२, ०, १): मोजणी ० पासून, म्हणजे २ क्रमांकाचा रंग पुढे, मग उंची, मग रुंदी. शेजारशेजारचे ॲक्सिस एकत्र करायचे असतील किंवा एकाचे दोन करायचे असतील, तर रीशेप. रंगांचे गट पाडण्यासाठी फोटोची ३,०७,२०० × ३ अशी पिक्सेलची यादी हवी असेल, तर तिथे रीशेपच बरोबर.

आता वेगाचं. ट्रान्सपोज जवळपास फुकटात होतं, कारण मेमरीतला एकही बाइट हलत नाही. बदलतात ते फक्त स्ट्राइड, म्हणजे त्या ॲक्सिसवर एक पाऊल टाकायला किती बाइट ओलांडायचे ते. दर आकड्याला एक बाइट धरला, तर आपल्या फोटोचे स्ट्राइड (१९२०, ३, १) होते, ते (१, १९२०, ३) होतात. हा नुसता व्ह्यू आहे, म्हणजे त्याच मेमरीकडे बघायची वेगळी रीत, त्यामुळे त्यात काही बदललं की मूळ ॲरेतही बदलतं. उधारी फिटते ती पुढे, चॅनेलमधून चालताना ३-३ बाइटच्या उड्या मारून. एकदाच बेरीज करायची असेल, तर चालू द्या. त्याच ॲरेवरून पुन्हापुन्हा फिरायचं असेल किंवा तो सी भाषेतल्या कोडला द्यायचा असेल, तर नमपायचं ॲसकंटिग्युअसॲरे वापरून मेमरीत सलग कॉपी करून टाका. हा फोटो ९,२१,६०० बाइटचा, तिथे कंजुषी कशाला?

एक छुपा खड्डा आहे. ट्रान्सपोजनंतर रीशेप केलं, तर नमपाय बहुतेकदा गुपचूप कॉपी करतं, आणि त्यात लिहिलेलं मूळ ॲरेपर्यंत पोचत नाही. पायटॉर्चचं व्ह्यू हे आकार बदलायचं फंक्शन अशा वेळी सरळ एरर देतं. मला तेच आवडतं.

स्वतः लूप लिहिणार असाल, तर क्रम बघा. ८ बाइटच्या आकड्यांचा ५००० × ५००० ॲरे सीमध्ये ओळीने वाचला, तर ६४ बाइटच्या एका कॅश लाइनमधले (मेमरीतून प्रोसेसरकडे एका वेळी येणाऱ्या तुकड्यातले) आठही आकडे कामी येतात. उभा वाचला, तर दर पावलाला ४०,००० बाइटची उडी. फोरट्रान, मॅटलॅब, आर आणि ज्युलियात नेमकं उलटं, तिथे उभे आकडे शेजारी असतात. साध्या पायथॉनच्या याद्यांवरच्या लूपमध्ये हा फरक इंटरप्रिटरच्या संथपणात बुडून जातो, त्यासाठी डोकं शिणवू नका.

आणि टेस्ट चौकोनी फोटोवर करू नका. २२४ × २२४ मध्ये उंची-रुंदी उलटली तरी आकार तोच दिसतो. त्यापेक्षा २ × ३ × ४ चा ॲरे घ्या, ० ते २३ भरा आणि छापून बघा.